मन्मथचा रोबो, त्याचं सामान आणि माझी जागा

मी, विरूपाक्ष काशिनाथ हलगे, वय वर्षे बहात्तर, धंदा भांड्यांचं दुकान, राहणार जळकोट, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकीलसाहेबांनी सांगितलं. मला कुणी धाक घातलेला नाही, गोड बोलून कुणी सही घेतलेली नाही. शाळा लहानपणीच सुटली. पुढचं लिहिणं-वाचणं भांड्यांवर नावं घालता घालता आलं, त्यामुळे अक्षर बरं आहे, पण वाक्य लांबलं की मला धाप लागते. सांभाळून घ्यावं. याआधी असा कागद मी केलेला नाही, पुढे करायची ताकद नाही.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझी पत्नी नागम्मा हिची. तिच्या माघारी आमची मुलगी शिवकन्या हिची. शिवकन्या, तू लातूरला असतेस, आईला घेऊन जावं असं तुझ्या मनात येणार. नेऊ नकोस. तुमच्या लिफ्टमध्ये ती डोळे मिटून शिवाचं नाव घेते ते मी पाहिलंय. तिला तिच्या उंबऱ्यावर बसू दे. येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय केलावं भाजीला?" विचारायला मिळालं नाही तर ती आजारी पडेल.

कलम २. दुकान मालासकट विकावं आणि येईल ते नागम्माच्या नावे टाकावं. नाव घालायचं मशीन मात्र विकू नये, ते शिवकन्येनं ठेवावं. या मशीनने मी अर्ध्या तालुक्याच्या लग्नातली भांडी लिहिली. "चि." आणि "चि. सौ. कां." ही अक्षरं हात झोपेत काढेल इतकी सवयीची. त्यातून एक चूक झाली, ती इथे नोंदवून ठेवतो. आमचा मुलगा मन्मथ गेल्यावर वर्षाच्या कार्यक्रमाला मठात हंडा दिला. त्यावर "लिं. मन्मथ यांच्या स्मरणार्थ" घालायचं होतं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी लिं. लावतात, म्हणजे लिंगैक्य झालेला. हाताने "चि. मन्मथ" घातलं. स्वामींनी वाचलं आणि हंडा आत नेला. कुणी तो घासून दुरुस्त करू नये.

कलम ३. वकीलसाहेबांनी विचारलं, "अप्पा, जंगम किती आहे?" आमच्यात गुरूला जंगम म्हणतात, म्हणून मी म्हणालो, "एकच. मठातले स्वामी." ते हसत सुटले. मग समजावून सांगितलं की हलवता येते ती सगळी जंगम मालमत्ता, तिची यादी करा आणि प्रत्येक जिनसेपुढे मूल्य लिहा. बाकीची यादी सोबत जोडली आहे. एका जिनसेपुढे जागा कोरी राहिली, म्हणून तिच्यासाठी हे वेगळं कलम.

जिन्नस: रोबो, वितीएवढा, निळा-पांढरा, सगळ्या सांध्यांत वळणारा, सामानासह. मूळ मालक मन्मथ.

मन्मथ नांदेडला नोकरीला होता. रविवारी घरी यायचा आणि दुकानात पालथ्या परातीवर असा एकेक रोबो उभा करून मोबाइलवर व्हिडिओ काढत त्याची परीक्षा घ्यायचा. ती परीक्षा बघणारी पोरं गावोगावी होती. मागे सगळी माझी भांडी चमकायची. मी एकदा खेळणं म्हणालो तर म्हणाला, "खेळणं न्हाई अप्पा, फिगर म्हणतेत." माझा धाकटा भाऊ बसवंत दुकानात येऊन म्हणायचा, "घोडा झाला अन् बाहुल्या खेळालाय." त्यावर मन्मथ मान वर न करता, "काका, बाहुली मांडी घालत न्हाई."

मांडी ही त्याची शेवटची कसोटी. खोका, अंग, सांधे, सामान, मांडी आणि मग दहापैकी गुण. मांडीचं तो नेहमी सांगायचा, "उभं तर कुणीबी ऱ्हातंय मंडळी. बसतंय का ते बघू." दहाला दहा त्याने कुणालाच दिले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाला, "दहा दिले की पुढचं कशाला बघायचं, अप्पा?"

या रोबोची परीक्षा अर्धी राहिली. ती माझ्याकडे मोबाइलमध्ये आहे. त्यात तो उजवा गुडघा वाकवून बघतो आणि म्हणतो, "गुडघा लई घट्ट हाय मंडळी. जोर लावायचा न्हाई. जोर लावला की मोडतंय. पुढच्या रविवारी गरम पाण्यात घालून मोकळा करू, मग सामान, मग मांडी, मग गुण." तेवढ्यात मागून एक बाई, "ओ दादा, ती परात कितीला?" तो हसतो. "मावशी, परातीवर माणूस उभा हाय, थांबा की." तिथे संपतं.

पुढच्या रविवारी घरी येताना रस्त्यात त्याची गाडी घसरली.

तेव्हा त्याचं राहिलेलं मूल्यमापन मी करतो. मला यातलं कळत नाही. पण आयुष्यभर माल पारखून घेतला आहे, आणि पद्धत त्याचीच वापरतो.

खोका: जाड पुठ्ठ्याचा, एका कोपऱ्याला दबलेला. आत प्रत्येक वस्तूला तिच्या आकाराचा खळगा आहे. अशी पेटी मी पितळी पूजेच्या संचालासुद्धा पाहिली नाही. खोका टाकू नये.

अंग: रंग एकसारखा, कुठे ओघळ नाही. छातीवरचं एक झाकण उघडतं, आत काही नाही. नागम्माला ते आवडत नाही, ती बंद करून ठेवते.

सामान: तलवार एक, ढाल एक. ढाल हातात दिली की तो एका अंगाला कलतो, तेवढा दोष. पाठीला लावायचे पंख दोन, त्यातला डावा सैल. उभं करायचा स्टँड एक, चांगला. जादा पंजे तीन जोड्या: मुठी, धरायचे पंजे, आणि उघडे पंजे. उघड्या डाव्या पंजात यातली कुठलीच वस्तू बसत नाही. मन्मथ म्हणाला असता, हा दिलाय कशाला. मी तो काढत नाही. तो तसाच लावून ठेवला आहे.

सांधे आणि मांडी पुढच्या कलमात, कारण ती गोष्ट तिथली आहे.

कलम ४. माझी जागा.

वकीलसाहेबांसाठी लिहितो, बाकीच्यांना ठाऊक आहे. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. आंघोळ घालतात, विभूती लावतात, मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि बसलेलाच समाधीत ठेवतात. माझे वडील असेच बसले आहेत, आजोबाही.

मन्मथ आमच्या हाती आला तो दुसऱ्या दिवशी, शीतपेटीतून. त्याचं अंग लाकूड झालं होतं. पाय वाकेनात. बसवंत कडेला उभा राहून सगळ्यांना सांगत होता, कारण अशा वेळी सांगणारं कुणीतरी लागतं आणि त्याचा आवाज मोठा आहे. "गरम पाणी वता रे. दाबा गुडघ्यावर. बसतंय, बसतंय." दोघांनी गुडघे धरले. मला बसवंताचं ऐकू येत होतं, आणि त्या आवाजाच्या वर मन्मथचा आवाज ऐकू येत होता. मी ओरडलो, "जोर लावायचा न्हाई!"

सगळे थांबले.

बसवंत म्हणाला, "अण्णा, लिंगायताचं लेकरू आडवं ठिवणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. जोर लावला की मोडतंय."

स्वामी पुढे आले. त्यांनी मन्मथची बोटं हळूच सोडवली, लिंग तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "आडवं असू द्या. लिंग हातात हाय न्हवं? झालं तर मग." माझ्या आयुष्यात इतकं कमी बोलून इतकं कुणी दिलेलं नाही. मठाला हंडा दिला तो यासाठी.

पण बसवंत तिथून न जेवता गेला. नंतर लग्नात, बारशात, कुठेही चार माणसं जमली की म्हणायचा, "अण्णानं पोराला बसवलंसुदीक न्हाई." नागम्माने ते उदगीरला एका साखरपुड्यात ऐकलं. ती हातातलं ताट ठेवून उठली आणि तेव्हापासून कुठल्या कार्याला गेलेली नाही. बसवंत, तू मन्मथला खांद्यावर घेऊन बाजार दाखवलास, ते मी विसरलेलो नाही. तुला दुःख झालं ते असं बाहेर पडलं, हेही मला कळतं. तरी ते वाक्य आमच्या घरात तीन वर्षं राहायला आहे.

आता रोबो. काही दिवसांनी मी गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, पाणी कोमट केलं आणि त्याला त्यात ठेवलं, मन्मथने सांगितलं होतं तसं. जोर लावला नाही. जरा वेळाने उजवा गुडघा आपसूक वळला. मग डावा. मी त्याला पालथ्या परातीवर ठेवलं. छान मांडी घातली त्याने, पाठ ताठ. नागम्मा आतून आली, बघितलं, म्हणाली, "ह्यो बसला बघा." आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

सांधे: उत्तम, कोमट पाण्यानंतर. मांडी: पास. गुण: दहा द्यायचं फार मनात होतं. पण त्याचा नियम मोडवत नाही. दहापैकी नऊ.

मूल्य हेच लिहावं.

रोबो सामानासकट शिवकन्येला. काचेच्या कपाटात ठेवू नये. पोरांनी मागितला तर हातात द्यावा, रागावू नये, मात्र गुडघा कसा वळवायचा ते आधी शिकवावं. खेळून झालं की मांडी घालून ठेवावा. मोबाइलवर त्याची परीक्षा बघायला कुणी अजून येत असेल तर शिवकन्येने तिसरं कलम आणि हे गुण तिथे वाचून दाखवावे, म्हणजे त्याचं काम पुरं होईल. रोबो माझ्यासोबत पुरू नये.

आता माझं. मी घरातच वारलो, वेळेवर कळलं, अंग मऊ असलं, पाय सहज वळत असले, तरीसुद्धा मला बसवू नये. मन्मथच्या शेजारची जागा रुद्रभूमीत मोकळी आहे. तिथे मला त्याच्यासारखं आडवं ठेवावं, लिंग हातात द्यावं. आमच्या एवढ्या माणसांत आडवा तो एकटाच आहे. मला ते सोसत नाही.

स्वामींना विचारलं आहे. त्यांची हरकत नाही. नागम्माला सांगितलं आहे. ती म्हणाली, "मग मलाबी तसंच." तिचं तिने वेगळं लिहावं.

कलम ५. बसवंताला या कागदात मी काही ठेवलेलं नाही, कारण तो साक्षीदार आहे. साक्षीदार का केलं ते त्याने चौथं कलम वाचून समजावं. त्या दिवशी माणसं तुझंच ऐकतील, बसवंत. कुणीतरी म्हणेलच, गुडघे दाबा म्हणून. तुझा आवाज मोठा आहे, या वेळी तो माझ्या बाजूने लाव. जमणार नसेल तर सही करू नकोस. मी दुसरा माणूस बघतो, रागावणार नाही.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः लिहिलं, परत वाचलं, आणि जिथे खाडाखोड आहे तिथे माझीच सही आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर, आमच्या दुकानात बसून सही करतो.

ठिकाण: जळकोट
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

विरूपाक्ष काशिनाथ हलगे
(सही)

साक्षीदार १: हनुमंत ग्यानोबा सूर्यवंशी, शेजारचे सायकल दुकान, जळकोट. माझ्यासमोर सही केली.
(सही)

साक्षीदार २: बसवंत काशिनाथ हलगे, जळकोट. माझ्यासमोर सही केली. चौथं कलम दोनदा वाचलं, अण्णा. जोर लावणार न्हाई. कुणाला लावूबी देणार न्हाई.
(सही)