तिसऱ्या कडव्यापाशी

सोम. २ जून २००३
काल रेवतीची फुटबॉलची मॅच. या मोसमात पहिल्यांदाच ती सुरुवातीपासून गोलात उभी. मुख्य गोलकीपरचं बोट मोडलं म्हणून हिचा नंबर लागला. दोन वर्षं बाकावर बसून काढली पोरीने, तिसरं चालू. दुसऱ्याचं बोट मोडल्याचा आनंद मानू नये हे कळतं, तरी निघताना देवीपुढे साखर ठेवलीच.

जिंकल्या. शेवटी समोरच्यांना कॉर्नर मिळाला, रे.ने उडी मारून चेंडू धरला आणि दोघी-तिघी तिच्यावर कोसळल्या. जरा वेळ उठली नाही म्हणे. म्हणे, कारण चेंडू आपल्या गोलाकडे आला की मी डोळे मिटून जप करते. ह्यांच्यापुढे एक उंच माणूस उभा. फुकटच्या तिकिटावर का होईना, आईबाप दोघं गेलो आणि नेमकं तेवढंच बघितलं नाही.

गाडीत विचारलं, लागलं का गं? "आय एम फाइन, आई." मग कोणी न विचारता आणखी दोनदा, फाइन. एकदाच म्हणाली असती तर मी विषय सोडला असता.

मंगळ. ३ जून
मंगळवार-शुक्रवार कुळदेवीची आरती. पाच कडवी, कुठे छापलेली नाही. सासूबाईंकडून माझ्याकडे आली, माझ्याकडून रे.कडे. ती सहा वर्षांची असल्यापासून घरी असली की तीच म्हणते, घंटा तिच्याच हातात, मी मागे. आज म्हणाली, "घंटा नको ना, प्लीज."

घंटेवाचून आरती? हिच्या टीममध्ये मॅचआधी सगळ्या हात धरून गोल उभ्या राहतात आणि एक जण प्रार्थना म्हणते, येशूची. पोर तिकडे वळली की काय. हे हसले. "अगं, थकली असेल." ह्यांच्या मते जगात सगळं थकल्यानेच होतं.

शुक्र. ६ जून
रे. दिवसभर खोलीत. पडदे ओढलेले, दिवे बंद. आधी मला बरंच वाटलं, खोलीतून निघताना दिवा घालव म्हणून इतकी वर्षं घसा फोडते आहे. पण दिवा घालवून आत बस असं मी कधी सांगितलं नव्हतं.

उद्याच्या बाहेरगावच्या मॅचला जाणार नाही. कोचला सांगितलं, मांडीचा स्नायू ओढला गेलाय. मांडी दुखते तर बर्फाची पिशवी उशीवर कशी? चादर बदलायला गेले तर उशी अर्धी ओली.

जिना उतरताना कठडा धरते. हीच पोर दोन-दोन पायऱ्या गाळून यायची, कठड्यावर धूळ बसायची इतका तो बिनवापराचा. पाय दुखतो म्हणावं, तर लंगडत नाही.

आरतीत तिसऱ्या कडव्यावरून एकदम पाचव्यावर गेली. चौथं कुठे गेलं? तिला कळलंही नाही. हे टाळ्या वाजवत होते, ह्यांनाही नाही. मी मुद्दाम गप्प बसले.

रवि. ८ जून
आमटीला फोडणी दिली आणि रे. तोंड दाबून वर पळाली. ओकली. चहा नको, कॉफीचा वास नको, आंघोळीला गेली तरी आतला दिवा लावत नाही.

मनात आलं ते इथे लिहायचीही लाज वाटते. पण चोवीस वर्षांची मुलगी. दर पंधरा दिवसांनी विमान, हॉटेल. ह्यांना बोलले नाही. हे म्हणाले असते, थकली असेल.

जपाला बसले. माळ फिरली, मन नाही.

मंगळ. १० जून
कपड्यांच्या घड्या करता करता आडून विचारलं. "पॅडचं पाकीट आणू का? कूपन आहे, रविवारी संपतं." रे. बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. "ओ माय गॉड, आई. नो." आणि हसत सुटली. मीही हसणार होते. पण हसता हसता तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि भिंतीला टेकली. डोळे घट्ट मिटलेले.

म्हणजे पोटाचं नाही. डोक्याचं.

संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मिरच्या जाळत नाही, मागे धुराचा अलार्म वाजून शेजारी जमले होते. एरवी ही "काय गं आई" म्हणून पळून जाते. आज हात मांडीवर ठेवून गुपचूप बसली. तेच मला आवडलं नाही.

गुरु. १२ जून
डॅना सकाळी रे.ला न्यायला आली. टीममधलीच, रे.च्या गोलापुढे बचावाला खेळते. गडगडाटी मुलगी, आमचे पोहे आवडतात. रे. वर बूट शोधत होती. खाता खाता डॅना म्हणाली, "हाउज हर हेड?"

मी चेहरा हलू दिला नाही. म्हटलं, "बेटर." खोटं बोलायला मलाही वेळ लागला नाही.

"गुड. शी स्केर्ड मी." मग तिनेच सांगितलं. त्या मॅचला पडून रे. उठली तेव्हा तिने डॅनाला विचारलं, आपण जिंकतोय का? डॅनाने सांगितलं, हो. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. गाडीकडे जाताना पुन्हा.

रे. खाली आली. कठडा धरून. आमच्या दोघींकडे बघितलं आणि ओळखलं. डॅनाचा चमचा बशीतच राहिला.

शुक्र. १३ जून
ह्यांना समोर बसवलं, तिला बसवलं.

"डॉक्टरला सांगितलंस?"
"सांगितलं की बसवतील, आई."
"मग बस ना थोडे दिवस."
"तीन वर्षं बसलेच आहे की."

पुढच्या शनिवारी देशाच्या टीमची माणसं बघायला येणार आहेत. मुख्य गोलकीपरचं बोट महिन्याभरात बरं होईल, की ही परत बाकावर. त्यात बायकांची ही लीग पुढच्या वर्षी राहील की नाही याची कोणालाच खात्री नाही, पैसे देणारे काढता पाय घेतायत म्हणे. म्हणजे हिला ही एकच मॅच. हे सगळं मला कळतं. मला कळत नाही असं तिला वाटतं.

टीमची ट्रेनर लिंडा, सगळ्यांची दुखणीखुपणी तीच बघते. हिने पाय सांगितला, तिने पाय तपासला. तिचा नंबर फ्रिजवर मॅचच्या वेळापत्रकाखाली लावलेला आहे. म्हटलं, "तू सांग. नाहीतर मी फोन करते."

"यू वोन्ट."

हे म्हणाले, "ती मोठी आहे आता. इथे आईबापांनी मधे पडायचं नसतं."
"पडली ती. मी कुठे पडले?"

ह्यांनी चष्मा पुसायला घेतला.

शेवटी मी अट घातली. मंगळवारी पाचही कडवी, घंटेसकट, न अडखळता. म्हटलीस तर फोनला हात लावणार नाही. "आत्ता म्हणू?" म्हणाली, तोऱ्यात. तिसऱ्या कडव्यापाशी थांबली. ओठ नुसते हलत राहिले. मग हळूच, "मंगळवारपर्यंत वेळ दे."

देवीसमोर दिला. आता वाटतं, ही कसली परीक्षा, आणि घेणारी कोण, मॅट्रिक झालेली बाई. पण माझ्याकडे दुसरं माप नाही.

रवि. १५ जून
भारतात फोन करायच्या कार्डावरची मिनिटं जवळजवळ संपली. मी तर आठवड्यात फोन केला नाही. ह्यांना विचारलं, नाही म्हणाले. रे.ला विचारलं, "मला काय माहीत?" नजर दूध-सिरियलच्या वाटीत.

तिचं कोण आहे भारतात, मला चोरून बोलण्यासारखं? पुन्हा नाही नाही ते मनात. एका संशयाचं खातं बंद करावं तर दुसरं उघडतं.

मंगळ. १७ जून. अंगारकी
म्हटली. पाचही.

घंटा स्वतः घेतली, स्वतः वाजवली, पापणी लवली नाही. तिसरं कडवं आलं, संपलं. ती सरळ चौथ्यात गेली, चौथ्यातून पाचव्यात. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बघ, उगाच. मी देवीपुढे डोकं टेकलं ते बराच वेळ उचललं नाही. मोदक केले. रे.ने चार खाल्ले, वर तूप मागितलं.

फक्त एक. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद तिने दोनदा म्हटलं. या घरात ते एकदाच म्हणतात. ह्यांचं जेवण खोळंबायचं म्हणून मीच आखूड केलं, रे.च्या जन्माआधी. तिने दोनदा कधी ऐकलेलंच नाही.

जाऊ दे. उत्साहात म्हटलं असेल.

गुरु. १९ जून
कराडहून सासूबाईंचा फोन, आपणहून. एरवी मिस्ड कॉल देतात आणि आम्ही करायचा.

"तुझी पोर गुणाची हो. रोज फोन करत होती. म्हणते, आजी, तू आरती म्हण, मी तुझ्यामागे म्हणते. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. तिकडे राहून एवढी ओढ. मी सगळ्या आळीला सांगितलं."
मी म्हटलं, हो ना.
"आणि ध्रुवपद तू अर्धंच शिकवलं होतंस. ते मी सुधारून दिलं."

फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. म्हणजे माझ्या परीक्षेचा पेपर हिने कराडहून मागवला. चार दिवसांत पाठ केला, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे असं धरायचं? की अठरा वर्षं म्हणत आलेली आरती पाठ करावी लागली, म्हणजे ती गेलीच होती? दोन्ही बाजू मांडून बघते. जमा-खर्चाचा मेळ बसत नाही.

ह्यांना सांगितलं. या वेळी थकली असेल म्हणाले नाहीत.

शुक्र. २० जून
रे. घंटा घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, "आज चौथ्यापासून म्हण."

ती मनातल्या मनात पहिलं कडवं सुरू करून तिथवर यायला लागली, ओठांवरून दिसत होतं. "पहिल्यापासून नाही. चौथं."

निरांजन जळत होतं. तिने डोळे मिटले, मी मॅचला मिटते तसेच. हे टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच धरून उभे.

"आई, पहिला शब्द सांग ना."

लहानपणी असंच म्हणायची. आणि मी सांगायचे. आज ओठांवर आलेला शब्द गिळला.

"आजीने सांगितलं का तुला?"
"कौतुक केलं तुझं."

घंटा ठेवून खाली जमिनीवरच बसली. "उद्याची एक मॅच, आई. जस्ट वन. रविवारी मी स्वतः लिंडाला सगळं सांगते. प्रॉमिस." देवीची शपथ घे, असं माझ्या तोंडावर आलं होतं. म्हटलं नाही. तिने घेतली असती, याचीच भीती वाटली.

हे हळूच म्हणाले, "आणि उद्या पुन्हा तशीच कोणी अंगावर आली तर?" प्रश्न तिला होता की मला, कळलं नाही.

सगळे जेवल्यावर भांडी घासताना मी स्वतः चौथ्यापासून म्हणून बघितलं. नळ वाहत राहिला. नाही आलं. पहिल्यापासून म्हणत गेले तेव्हाच आलं. पाच कडव्यांच्या माळेतून मधलंच कडवं कोणाला काढता येतं? मग मी पोरीला कसलं विचारलं?

शनि. २१ जून
सकाळ. हे गाडी काढायला निघाले होते, म्हटलं थांबा थोडं. काही न विचारता थांबले. बाहेर उभे आहेत, काच पुसतायत. ती स्वच्छच आहे.

लिंडाचा नंबर फ्रिजवरून काढून इथे वहीशेजारी ठेवला आहे. फोन इथेच. देवीला रोजचा दिवा लावला, काही मागितलं नाही. काय मागायचं ते ठरेना.

वर रे.च्या दाराचा आवाज झाला. खांद्यावर बॅग असेल, म्हणजे एक हात मोकळा. जिना समोर दिसेल अशी खुर्ची ओढून घेतली आहे. कठडा धरते का, ते इथून दिसतं.

आज डोळे मिटायचे नाहीत.