शिवप्रियासाठी लावलेला टायमर

३ फेब्रुवारी, बेंबळी
शिवप्रिया माहेरी गेली, तामलवाडीला. तिच्या वडिलांचं, म्हणजे बसवराजमामांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी साधा फोन केला नाही, एवढंच कारण. जाताना म्हणाली, तुम्हाला माणसाची आठवणच होत न्हाय. म्हणजे प्रॉब्लेम मेमरीचा आहे, प्रेमाचा नाही. मेमरीवर माझ्याकडं सोल्यूशन आहे.

४ फेब्रुवारी, सकाळ
दुकानातल्या गिऱ्हाइकांना आपोआप मेसेज जावेत म्हणून सॉफ्टवेअर घेतलेलंच आहे. त्यात बायकोसाठी रिपीट टायमर लावला. सकाळी 'उठलीस का?', दुपारी 'जेवलीस का?', संध्याकाळी 'मामांचा डोळा कसा आहे?' कधीपर्यंत, हा रकाना रिकामा सोडला. प्रेमाला एंड डेट नसते.

६ फेब्रुवारी
उत्तर आलं. डोळा बरा आहे, तुम्ही जेवलात का? सिस्टिम चालते. आता रोज बघत बसायची गरज नाही. तिची उत्तरं वेगळ्या फोल्डरला पडतील अशी सेटिंग केली.

११ फेब्रुवारी
आई म्हणाली, एकदा तामलवाडीला जाऊन ये. आईला टेक्नॉलॉजी समजावणं अवघड. तरी नवा मेसेज वाढवला, 'तुझ्याशिवाय घर सुनं वाटतं.' दिवसाला एकदा लावायचा होता, दर तासाला लागला वाटतं. प्रेम जास्त झालं म्हणून बिघडत नाही. उद्या बदलीन.

१३ फेब्रुवारी
उद्या नक्की.

१५ फेब्रुवारी, दुपार
शिवप्रिया आली. कुणाच्या तरी टमटममधून, सामानासकट. मी ओसरीवर शेंगा खात होतो. म्हणाली, एसटीनं येतेय, पिशव्या लई आहेत, स्टँडवर या, असं काल कळवलं होतं. उतरल्यावर परत लिहिलं. त्यावर माझा मेसेज गेला, 'जेवलीस का?'
मी टायमरचं, फोल्डरचं समजावून सांगायला लागलो. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. तिनं वाचलं, तुझ्याशिवाय घर सुनं वाटतं. मग माझ्याकडं, शेंगांच्या टरफलांकडं बघून म्हणाली, त्याला कळवा, मी आलीय.
आई तोंडाला पदर लावून आत गेली.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
टायमर बंद करायचं बटण सापडेना. शिवप्रियानं माझा नंबरच ब्लॉक केला. तोडगा तात्पुरता आहे, पण चालेल. फक्त आता चहा हवा तर ओसरीवरून फोन लागत नाही. उठून स्वयंपाकघरात गेलो. चहा झालेला होता. दोनच कप. एक आई पीत होती, एक ती.