मच्छरदाणीतली केळ

सावदा,
११ फेब्रुवारी २०२५

ती. भिकुअक्कास,
धाकट्या लोटनचा शि. सा. न. वि. वि.

एसटीने सुखरूप पोहोचलो. गुडघे धरले आहेत. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि तू ओरडलीस की तुझे शेजारी जमतात, म्हणून लिहितो.

तुमचं ते उद्यान पाहिलं एकदाचं. हितेंद्रने एवढं कौतुक केलं होतं म्हणून मुलाचं मन मोडवलं नाही. तिकीट काढून रुई बघायची! आमच्या बांधावर तिला बकरीसुद्धा तोंड लावत नाही, तिथे तिच्यापुढे पाटी, आणि पाटीवरचं नाव हितेंद्रलाही वाचता येईना. निवडुंगाला काचेचं घर. लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते, जसा काही तो नवरदेव. सूनबाईनेही काढला. वर गवतावर पाय देऊ नका म्हणून बोर्ड. जन्मभर जे निंदून बांधावर फेकलं, त्याचा एवढा मान!

आता तिथल्या त्या केळीचं. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण केळीचं पान मला वाचता येतं. पिवळे पट्टे लांबूनच दिसले. हरण्या. मागच्या पावसाळ्यात याच रोगाने आपली अर्धी बाग खाल्ली. असं झाड दिसलं की शेत कुणाचं हे विचारायचं नसतं. उपटायचं, पिशवीत घालायचं, लांब नेऊन जाळायचं. सावद्यात कुणीही हेच केलं असतं आणि शेतवाल्याने वर चहा पाजला असता. तुमचा रखवालदार मात्र असा धावून आला, जशी मी कुणाची सोनसाखळी ओढली. हितेंद्र त्याच्यापुढे हात जोडून उभा. शेवटी माळी म्हणाला, आता उपटलंच आहे तर घेऊन जा. घेऊन आलो.

पण आपली ऋतिका का रडली? नात असून मला स्टँडवर सोडायलाही आली नाही. दरवर्षीसारखी ती मे महिन्यात येणार ना, एवढं विचारून कळव. झोप लागत नाही.

धाकट्यावर माया आहे तशी असू दे.

लोटन


धुळे,
२० फेब्रुवारी २०२५

चि. लोटनला भिकुअक्काचे अनेक आशीर्वाद.

उपटायची एवढी हौस असेल तर आधी तुझे कान उपटायला हवेत. मोतीबिंदू काढून घे म्हणून किती वेळा सांगितलं तुला? पट्टे पिवळे नव्हते, पांढरे होते. ती केळ जातीनेच तशी असते. शोभेची. रोगबीग काही नाही.

आणि ती ऋतिकाने लावलेली होती. शाळेतली काही मुलं रविवारी तिथे झाडं लावायला जातात, त्यांच्यात ती असते. महिनाभर पोरीने आमचं डोकं खाल्लं, की माझे आबा केळीवाले आहेत, त्यांना माझी केळ दाखवणार. मुद्दाम शेवटी दाखवायची म्हणून तुला सगळीकडे फिरवत होती. तू निवडुंगाला नावं ठेवत तिच्याआधीच तिथे पोहोचलास.

आता म्हणते, मे महिन्यात नाशिकला मामाकडे जाईन. तिच्या आईने, शीतलने समजावलं, हितेंद्र चिडला, मी लाडीगोडी लावली. तिचं एकच, आबांनी निदान विचारायचं तरी होतं. तुझ्याशी फोनवर बोलणार नाही म्हणते. मला तिचं चूक वाटत नाही.

ते झाड जाळलंस का? जाळलं असशील तर मला कळवूही नको.

तब्येतीला जप, आणि हात जरा आवरून राहा.

भिकुअक्का


सावदा,
३ मार्च २०२५

ती. भिकुअक्कास,
लोटनचा शि. सा. न. वि. वि.

जाळलं नाही. गुडघ्यांमुळे राहून गेलं. पिशवी गोठ्यात टांगलेलीच होती. पानं वाळली, पण कंद टणक आहे.

शोभेची केळ! जिने नुसतं नटायचं आणि लोकांनी तोंड वासून बघायचं. असला कंद आमच्या गावात कुणी फुकट घेणार नाही. रोग नाही हे तुला सांगितलं कुणी, त्या माळ्याने ना? त्याची कुठे बाग गेली आहे! मावा एका पानावरून उडून दुसऱ्यावर बसतो आणि हरण्या पसरवतो. आपलं शेत घरापासून हाकेवर. हिच्यात खरंच रोग निघाला, तर उरलेली बागही हातची जाईल. 

तरी लावली. अंगणात, फुटक्या ड्रममध्ये. मावा शिरू नये म्हणून वरून मच्छरदाणी सोडली आणि कडेने विटा ठेवल्या. शेतावरचा आपला सालदार सुपडू म्हणाला, आबा, आता हिचं बारसंही करून टाका. सगळी गल्ली बघून जाते. मीही तिकीट लावावं म्हणतो. सगळाच येडेपणा, तुम्ही धुळेकर म्हणता तसा बठ्ठा.

ऋतिकाला यातलं काही सांगू नको. जगली नाही तर पोर पुन्हा रडेल.

रागावलीस तरी लिहीत राहा.

लोटन


सावदा,
१० एप्रिल २०२५

चि. ऋतिकास आबांचे अनेक आशीर्वाद.

तुझी केळ मेली नाही. इथे माझ्या अंगणात आहे. नवी पानं आली आहेत, त्यांच्यावर पट्टे आहेत. रोज सकाळी अंगठ्याने चाचपून बघतो. हरण्याचं पान आकसतं, फाटतं. हिचं गुळगुळीत लागतं. सुपडूला रंग विचारला, तो पांढराच म्हणाला. मला दिसायला ती अजूनही रोगटच वाटते, खोटं कशाला लिहू? आणि ऐट तर एवढी, की काय विचारतेस. पण तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. ठेवायची, की पुन्हा तुमच्या उद्यानात न्यायची, ते तू येऊन ठरव.

माव्यासाठी हिच्यावर मच्छरदाणी टाकली आहे. ती तुझ्या बाजेची. घरात तेवढी एकच होती. तू येणार असशील तर बाजारातून दुसरी आणतो. येणार नसशील तर ही हिच्याच अंगावर राहू दे.

नाशिकलाही झाडं असतील. असू देत.

तुझे आबा


धुळे,
१७ एप्रिल २०२५

ती. आबांना ऋतिकाचा सा. न.

दुसरी आणा. गुलाबी नको.

मी येईपर्यंत कुणाचंही काहीही उपटू नका.

ऋतिका