बंद नदी आणि आजोबांची गळ

प्रिय सुभद्रे,

पहिल्यांदा आली ती शेजारची अंबुबाईच. दारातूनच म्हणाली, काकू, जीप आलीय, काकांना न्यायला. मी भाकरी तव्यावर टाकून उठले. करपली ती, जाऊ दे. मासळी खात्याचे दोघे होते, एक चष्मेवाले साहेब न् एक शिपाई.

यंदा आपल्या गावापाशी इंद्रायणी बंद केलीय. नदी कशी बंद करतात ते मी घाटावर जाऊन बघूनसुद्धा आले. पाणी तर वाहतच होतं. मग कळलं, पाणी नाही, मासे धरणं बंद. तेव्हापासून तुझे आजोबा धुमसतायत. म्हणतात, दुकानात माल न्हाई न् वर कुलूप. खोटं नाही गं. पूर्वी पावसात चढणीचे मासे बायका लुगड्याच्या पदरात धरायच्या. गेल्या साली हे दिवसभर गळ टाकून बसले न् बोटाएवढा मासा आणला. मांजरानं हुंगून तोंड फिरवलं. तुझ्या बाळंतपणात तुला मरळ खायला घालायची, हा त्यांचा हट्ट तुला ठाऊकच आहे. मला सांग, तुमच्या देहूच्या डोहात मासे पायाला लुचतात ना? तिथं माळकरी राहतात, कुणी धरत नाही, हे माशांना सांगितलं कुणी?

तर साहेबांनी चहा घेता घेता विचारलं, काका नदीवर जातात का. मी म्हटलं, कुठले जातात, पण आठ दिवस झाले, गळ घातलीय त्यांनी. साहेबांची बशी तोंडाशीच थांबली. शिपायानं कागद काढला. बंद नदीत? कुठं घातली? मी म्हटलं, कुठं म्हणजे, मलाच. दोघं एवढे हसले की चहा सांडला.

मग हे आले न् कामाचं निघालं. माशांची पिल्लं आणून डोहात सोडायचीत, ती वाढेपर्यंत बंदी. ह्यांनी विचारलं, धरायची कधी? साहेब म्हणाले, दोन वर्षांनी. हे म्हणाले, पिल्लं काय खात्यात? साहेबांना सोडायला जीपपर्यंत गेले, तरी विचारणं चालूच.

आता गळ कसली ते सांगते. तुझी आई गेल्यापासून तुझं माहेर म्हणजे आम्हीच. पण मरळ मिळेना, रिकाम्या हातानं नातीला दारात कशी घेऊ, सुभीला लिही, बाळंतपण सासरीच कर, असं माझ्या मागं लागले होते. आत्ता समोरच बसलेत. रात्रीच्या वर्गात चार अक्षरं मी शिकले, ते नाही शिकले. त्यांना वाटतंय मी तेच लिहितेय. तर तू ये. डिंक आहे, मेथी आहे, गाय व्यालीय. नागपंचमीला ये. जीपवाले पिल्लं घेऊन दुसऱ्याच दिवशी परत येतो म्हणालेत, मग ह्यांना मरळीची आठवण कुठली.

तुझीच,
वाटेला डोळे लावून बसलेली आजी