चिडाचा शेंडा

३ जुलै १९७३
सकाळपासून दादाची आठवण. बाबांची पलटण रानीखेतला होती तेव्हाचे रविवार. दादा मुलांच्या शाळेतून मला भेटायला यायचा. आमच्या कॉन्व्हेंटच्या मागच्या कठड्यावर बसून जॅम-पाव खायचा आणि चिडाच्या, म्हणजे हिमालयातल्या पाइनच्या, सुया उपटायच्या. एका जुडीत तीन निघाल्या की "चीड!" म्हणून ओरडायचं. तीनच निघायच्या, नेहमी. तरी ओरडायचं.
आज देवळालीच्या नर्सरीतून 'पाइन' आणला. घरी काडी ओढून बघितली, तर सांध्यात सुटली. सुरूचं झाड! तशीच परत गेले. माणूस म्हणतो, "बाई, सगळे ह्यालाच पाइन म्हणतात." सगळे म्हणतात म्हणून? रोप त्याच्या टेबलावर ठेवून आले.

१२ ऑक्टो. १९७३
दादाने (रिटायर होऊन तिकडेच राहिलाय) धाडलेलं बी उगवलं, बोटभर झालं, पिवळं पडलं, मेलं. सगळंच. ट्रंक कॉलवर हसला. "अगं, आपली काळी माती ती. त्याला आई-झाडाच्या पायाखालची माती लागते, मूठभर तरी. येताना आणतो."

५ जाने. १९७४
दादा आला. बिस्किटाच्या डब्यात रानीखेतची माती. गाडीत समोरच्या बाईंनी डब्याला नमस्कार केला म्हणे, त्यांना वाटलं अस्थी. "मी बोललो नाही. उगाच नमस्कार वाया जायचा."
मुरूम, वाळू, वर ही माती. दोघांनी मिळून बी पेरलं.

१९ ऑगस्ट १९७६
एकच जगलं. अजून गवताच्या झुबक्याएवढंच. ह्यांच्या माघारी अंगण माझं आणि धाकट्या दिरांचं, सामाईक. वसंतभाऊजी येता-जाता: "वहिनी, गवताला कुंपण? गाय कधी आणताय?"
शेजारचे मास्तर म्हणाले, विलायती झाडं इथे कशाला लावता. विलायती! हिमालय काय लंडनात आहे? मग हळूच, "तुम्ही लोक मूळचे कुठले हो?" सिन्नरचे. ख्रिस्ती असलो तरी आजोबांच्या आजोबांपासून सिन्नरचे. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो आणि हे विचारतात. आता झाडानेही हेच ऐकायचं.

२ मे १९८०
दादा गेला. तार दुपारी आली. जाणं झालं नाही. झाडाखाली बसून राहिले. माझ्या डोक्याच्या वर गेलंय आता. एक जुडी उपटली. तीन. ओरडायला कोण...

२४ डिसें. १९८२
उषाकडे, लेकीकडे चांदवडला गेले होते. संध्याकाळी परतले, फाटकातूनच दिसलं. शेंडा नाही. माणसाएवढा तुकडा करवतीने सपाट उडवलाय, डिंक गळतोय. भाऊजी खुशीत. "चर्चच्या हॉलसाठी हो, वहिनी! दर नाताळात मेली सुरूची फांदी. यंदा म्हटलं, आपल्या घरचं खरं झाड."
खरं आहे हे पटलं एकदाचं. कापताना.

२५ डिसें.
गीतं म्हटली. समोर तोच. कुंडीत विटा भरून उभा केलेला, वर चांदीच्या कागदाची चांदणी, अंगभर कापसाचा बर्फ. सगळे म्हणाले, किती छान. पाळकसाहेबांनी भर सभेत भाऊजींचे आभार मानले. खऱ्या बर्फाखालची माती दादाने मांडीवर ठेवून आणली, आणि ह्यांनी कापूस चिकटवला!

२७ डिसें.
भाऊजी चहाला. चहा दिला, बिनसाखरेचा. तसाच प्यायले.
"वहिनी, केस कापले तर वाढतात की. आणि अंगण माझंही आहे."
"अंगण आहे. झाड नाही. आणि केस नाही कापलेत, मान कापलीत."
शेंडा हॉलमागे कचऱ्यात सापडला. रिक्षात घालून आणला. रिक्षावाला: "बाई, सण झाला ना?"

१४ सप्टें. १९८३
कापाखालच्या आडव्या फांद्यांपैकी दोन वर वळल्यात. रानीखेतला बर्फाने मोडलेला एक चीड असाच दोन डोक्यांचा झाला होता. दादा त्याला 'भांडखोर' म्हणायचा. एका वादळात मधोमध फाटला.
म्हणजे एक काढायलाच हवी. म्हणजे भाऊजींनी केलं तेच मी करायचं. केवढा संताप होतो. हा प्रश्न माझ्यासमोर आणला कुणी?

८ नोव्हें. १९८४
उद्या मुंबई. पोटाचं ऑपरेशन, उषा सोबत आहे. दोन्ही फांद्या आता सारख्या जाड.
मघाशी भाऊजी आले, खांद्यावर शिडी. "वहिनी, दोन्ही राहिल्या तर फाटेल, तुम्हीच म्हणता. कुठली ठेवायची ते सांगा. मी शिडी धरतो." पहिल्यांदाच विचारलं त्यांनी. दोन वर्षं उशिरा. वर बघितलं. नाही सांगता आलं. शिडी तिथेच टेकवून ठेवा म्हटलं.
ऑपरेशनचं काय होईल ते... म्हणून लिहून ठेवते.
बिस्किटाचा डबा उषाला. तळाशी थोडी माती आहे, डबा धुऊ नये.
बांगड्या धाकट्या जावेला. शेंडा कापला त्या दिवशी तिने नवऱ्याला अडवून बघितलं होतं म्हणे.
झाडाला पहिलं फळ येईल, त्यातलं थोडं बी नर्सरीच्या माणसाला. फुकट. सुया मोजून दाखवाव्यात.
मास्तरांना सावली. भिंतीपलीकडे पडतेच, विलायती म्हणून परत करत नाहीत.
करवत कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. मी परत आले नाही तर करवत भाऊजींना. पण कुठली फांदी ते उषाने सांगायचं. आधी तिला विचारायचं. मग कापायचं.