अवग्रहाच्या गोळ्यांची आणि इतर मालमत्तेची व्यवस्था

मी, रोहिदास सुकऱ्या वारघडे, वय छप्पन्न, धंदा वार्ताहर, मूळ गाव पोशेरा, तालुका मोखाडा, हल्ली मुक्काम जव्हार, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी आणि चहा पिऊन लिहितो आहे. बुद्धी शाबूत आहे. कोणाला शंका असेल तर त्याने मला कोणतेही धातुरूप विचारून पाहावे. दडपण कोणाचेही नाही. दडपण आणावे एवढी मालमत्ता असती तर दिवाळीला नातेवाईक जास्त आले असते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याचे सुख या वेळी मिळत नाही.

कलम १. माझी माणसे. मी अविवाहित आहे. कारणे बातमी होण्याजोगी नाहीत. धाकटी बहीण मंगळी पोशेऱ्यात असते. तिचा नवरा वारला. सासरकडची नागलीची एक उतरती पट्टी आणि रोजंदारी यांवर तिचे चालते. तिचा मुलगा धनेश ठाण्याला एका गोदामात कामाला आहे. तिसरा अवग्रह.

कलम २. अवग्रह हा कुत्रा आहे. हे कायद्याला स्पष्ट सांगितलेले बरे, कारण मेडिकलवाल्याला न सांगितल्याने एकदा माझी अब्रू गेली आहे.

"पेशंटचं नाव?" त्याने विचारले.

"अवग्रह."

"वय?"

"नऊ."

"वजन?"

"अठरा किलो."

त्याने पेन खाली ठेवले. "सर, नऊ वर्षांच्या पोराचं अठरा किलो? तुम्ही गावोगावच्या कुपोषणाच्या बातम्या देता, आणि घरात हे?"

दुकानात सहा गिऱ्हाईके होती. त्यांतली दोन अजून माझ्याकडे नीट बघत नाहीत.

हा कुत्रा मला दाभोशाच्या रस्त्यावर सापडला. धबधब्यावरच्या पर्यटकांची बातमी करून परत येत होतो. शेपूट संस्कृतातल्या अवग्रहाच्या (ऽ) चिन्हासारखी वळलेली, म्हणून ते नाव. गावात त्याला अवग्या म्हणतात आणि तो दोन्ही नावांकडे सारखेच दुर्लक्ष करतो. जीपवाल्या सुदेशने त्या दिवशी त्याचे हाफ तिकीट घेतले. आजतागायत हाफच घेतो, म्हणजे वय वाढले तरी सवलत चालू असलेला हा तालुक्यातला एकमेव प्रवासी.

कायद्याच्या दृष्टीने कुत्रा ही मालमत्ता ठरते, वारस नव्हे. त्याला हे कोणी सांगू नये.

कलम ३. दुखणे. दोन वर्षांपूर्वी पोशेऱ्यात, मंगळीच्या अंगणात, अवग्रहाला पहिली फीट आली. पाय ताठ, तोंडाला फेस. आमच्याकडे माणसाला फीट आली की चप्पल हुंगवतात. मंगळीने विचार न करता पायातली काढली आणि त्याच्या नाकाला लावली. थोड्या वेळाने तो उठला, सगळ्यांकडे पाहिले आणि ती चप्पल खाल्ली.

"उठला का नाय?" मंगळी आजही विचारते.

"उठला. पण तो तसाही उठला असता."

"मग चप्पल कशाला खाल्ली त्यानं? गुण आला म्हणूनच ना?"

या युक्तिवादाचे खंडन मला जमलेले नाही. तेव्हापासून ओट्यावर चप्पल ठेवायची सोय राहिलेली नाही. पाहुण्यांनी हातात धरून बसावे.

कलम ४. वैद्य कसा निवडला आणि पुढे कसा निवडावा. हे कलम सर्वांत लांब आहे. घर कोणाला, हे वाचण्याच्या घाईत असलेल्यांनी कलम ६ वर जावे, आणि मग लाज वाटून परत यावे.

पहिल्यांदा मंगळीच्या आग्रहाने गावातल्या भगताकडे गेलो. त्याने तांदळाचे दाणे मांडले, बराच वेळ पाहिले आणि मान हलवली. "माणसाचं असतं त सांगितलं असतं. कुत्र्याचं मना नाय समजत." आणि आम्ही नेलेली मानाची कोंबडी परत दिली. पंचवीस वर्षे मी तज्ज्ञांची मते छापत आलो. आपल्या विषयाबाहेर मत न देणारा तज्ज्ञ प्रथमच भेटला. म्हणून निकष पहिला: जो 'मला समजत नाही' म्हणू शकतो, त्याचे बाकीचे म्हणणे ऐकावे.

दुसऱ्यांदा नाशकातल्या एका गारेगार दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही. समोरच्या मुलीने विचारले, "बेबीला काय होतंय?" मी मागे वळून पाहिले, मागे कोणी नव्हते. माणसे वाईट नव्हती. त्यांनी अवग्रहाला तपासले, मग शाम्पू, परदेशी खाद्य, वर्षाचे पॅकेज आणि मुंबईला मेंदूचा स्कॅन असा क्रम सांगितला. भाकरी आणि सुकटीवर वाढलेल्या कुत्र्याने त्या खाद्याचा वास घेऊन माझ्याकडे जे पाहिले, ते मी विसरणार नाही. बिलाची फोड मागितली तेव्हा धंदा विचारला. वार्ताहर म्हटल्यावर दहा टक्के सूट मिळाली. माझ्या ओळखपत्राने आयुष्यात मिळवून दिलेला हा एकमेव आर्थिक लाभ. निकष दुसरा: ज्याची फी धंदा ऐकून कमी होते, त्याच्याकडे ती दुसऱ्या कोणाचा धंदा ऐकून वाढतही असणार.

तिसऱ्यांदा जव्हारच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. खरे तर तो माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पण तिथे बैल, शेळ्या आणि कोंबड्या जातात, आणि आपला कुत्रा त्याहून वरचा, असा माझा समज होता. डॉक्टर जयश्रीबाई फरशीवर बसल्या, अवग्रहाला आधी त्यांना हुंगू दिले, मग विचारले, "फीट कधी येते? झोपेतून उठताना का खेळताना? किती वेळ टिकते? काय खातो?" मी खाद्याबद्दल भीतभीत सांगितले.

"भाकरी, सुकट? बरं आहे की. मीठ कमी करा."

"स्कॅन?"

"करता येतो. काही वेळा करावाच लागतो. पण याचं वय, तपासणी सगळं बघता आधी गोळी सुरू करू. स्कॅन केला तरी बहुधा हीच गोळी लागेल. तो खर्च आत्ता नको. वर्षातून दोनदा रक्त तपासू, यकृतावर ताण येतो का बघायला. तो खर्च मात्र टाळायचा नाही."

"आणि गोळी किती दिवस?"

"जन्मभर. रोज दोन वेळा. मनानं बंद केलीत तर मोठी फीट येईल. आणि तेव्हा मला फोन लावू नका, मी कुठल्या तरी गोठ्यात खांद्यापर्यंत हात घालून बसलेली असेन."

निकष तिसरा, आणि हाच खरा: कोणता खर्च करू नका हे सांगणारा वैद्य सापडला की, तो जो खर्च करा म्हणतो तो डोळे मिटून करावा.

जयश्रीबाईंची बदली होणार. सरकारी माणूस चांगला निघाला की बदलीच्या यादीत त्याचे नाव ठळक होते, असा माझा वार्ताहर म्हणूनचा अनुभव आहे. त्यांच्या जागी जो येईल त्याला वरील तीन निकष लावावेत. त्यात तो बसला नाही तर विक्रमगडला, तिथे नाही तर नाशकाला. पण जाताना धंदा सांगू नये.

कलम ५. पैसा. इथल्या पतसंस्थेत माझी एक मुदत ठेव आहे. तिचे व्याज अवग्रहाच्या गोळ्या, रक्ततपासणी, रेबीजची वार्षिक लस आणि सुदेशचे हाफ तिकीट यांना पुरते, थोडे उरते. उरेल ते न मोडता ठेवावे, कारण म्हातारपणी दात दुखतात, कुत्र्याचेसुद्धा. मुद्दल अवग्रहाच्या पश्चात धनेशला मिळावे. यामुळे धनेशला अवग्रहाच्या दीर्घायुष्याविषयी संमिश्र भावना वाटतील याची मला कल्पना आहे. पोरगा सज्जन आहे, निभावेल.

फिटा थांबेनाशा झाल्या, खाणे सुटले आणि डॉक्टरांनी 'आता पुरे' म्हटले, तर पुरे. केवळ माझ्या आठवणीसाठी ठेव मोडून त्याला आठवडाभर नळ्या लावून ठेवू नये. हे कलम लिहिताना तो पायाशी झोपला होता. मी सावकाश लिहिले.

कलम ६. घर. जमीन नाही. बापाच्या नावावर कधीच नव्हती. तो पावसाळ्यात दुसऱ्याच्या खाचरात आणि बाकी वर्ष वीटभट्टीवर असे. मला आश्रमशाळेत घातले, तिथल्या गुरुजींनी "मार्क भरपूर पडतात" म्हणून संस्कृत घ्यायला लावले, मार्क पडले आणि संस्कृतही चिकटले. बापाला शेवटपर्यंत वाटे की मी पूजा सांगायला शिकलो आणि धंदा करत नाही. जव्हारातले हे दोन खोल्यांचे घर मी बातम्यांवर बांधले, म्हणजे फार हळू बांधले. ते मंगळीला, तिच्यामागे धनेशला. अट एकच: ओट्यावरचा उन्हाचा कोपरा अवग्रहाचा, तो हयात असेतोवर तिथे फ्रीज ठेवू नये.

संस्कृत पुस्तके आश्रमशाळेला. पशुवैद्यांच्या रिक्त पदांची माझी बातमी कापून तिच्या जागी दाभोशाच्या धबधब्याचा फोटो छापणाऱ्या उपसंपादकाला मी माझी तुटकी छत्री देतो. त्याने ती धबधब्याखाली वापरावी.

कलम ७. अवग्रहाला सांभाळणार कोण. या कलमाचे मी तीन मसुदे केले. पहिल्यात धनेशचे नाव होते. फोनवर तो म्हणाला, "मामा, आम्ही सहा जण एका खोलीत. मालक बोलतो, मच्छर पण मोजून ठेवा. पैसा कम पडला तर मी भेजीन, टेन्शन नका घेऊ. पण कुत्ता नाय जमणार." खरे बोलला. म्हणून दुसऱ्या मसुद्यात मंगळीचे नाव घातले आणि काल दुपारी ती जव्हारला आली तेव्हा तिला ओट्यावर बसवून वाचून दाखवले. साक्षीदार म्हणून सुदेश आणि शेजारच्या मीनाताई हजर होत्या. मंगळी सुपात तांदूळ निवडत होती.

"रोज दोन टाइम गोळी? कुत्र्याला?"

"हो. चुकवायची नाही."

तिने खडा बाजूला टाकला. "दादा, धनेशच्या बापाला ताप आला तवा आपल्याला जीप नाय भेटली. गोळी त लांबच. नि आता कुत्र्याला ठेव ठेवतो तू."

ती रागाने बोलली नव्हती. हे मृत्युपत्र त्या प्रश्नाचे उत्तर नाही, एवढेच इथे नोंदवतो. मग सुदेशला राहवले नाही.

"ताई, कुत्र्याचं सोडा, यांचं बघा. दाभोशाच्या पायऱ्या चढताना तीनदा खाली बसले. नाशिकच्या छातीच्या डॉक्टरनं सांगितलंय, एक नळी बंद होत आली, दिवाळीच्या आत या. मीच नेलं होतं ना जीपनं."

"साक्षीदाराने फक्त सही करायची असते," मी म्हणालो.

मंगळीने सूप खाली ठेवले. "कोणची दिवाळी?"

"डॉक्टरांनी सालाचा उल्लेख केला नव्हता."

मीनाताई हसल्या. मंगळी हसली नाही. "कुत्र्याची गोळी चुकली त तुला घास जात नाय. त्याचं रगत वर्षाला दोनदा बघतो. तुझं कोण बघंल? मी नाय घेत तुझा कुत्रा."

"अगं, मग तो जाईल कुठं?"

"ते तू बघ. आधी नाशकाला जा, छाती दुरुस्त करून ये. मग घेईन मी त्याला, तू मेल्यावर."

"दुरुस्त झालो तर मरणार कसा?"

"तेच त सांगते."

पंचवीस वर्षांत माझी कोणतीही बातमी इतकी कमी शब्दांत बसलेली नाही. धनेशला फोन लावला, तर तो म्हणाला, "आई सही बोलते, मामा. मी सुट्टी टाकतो." संध्याकाळची गोळी मंगळीने दिली. अवग्रहाने ती भाकरीतून शोधून काढून तिच्या पदरावर थुंकली. "हा त तुझ्यावरच गेलाय," ती म्हणाली, जबडा धरून पुन्हा घातली, आणि गिळेपर्यंत त्याला असे काही सुनावले की गोळीऐवजी शब्दानेच फीट थांबावी.

म्हणून तिसरा आणि अंतिम मसुदा असा: माझ्या पश्चात अवग्रहाचा ताबा मंगळीकडे. ही नेमणूक अमलात येण्यासाठी मृत्युपत्र करणाऱ्याने, म्हणजे मी, येत्या गुरुवारी नाशकाला जाऊन हृदयावरचे उपचार पूर्ण करून घ्यायचे आहेत. तोवर मंगळी जव्हारात राहून गोळ्या देईल. वारसाने मरणाऱ्यावर अट घातल्याचे उदाहरण माझ्या वाचनात नाही. वकिलांना विचारले, ते म्हणाले, कायद्यात बसत नाही. मंगळीला सांगितले, ती म्हणाली, कायद्याला सांग गुरुवारी जीप आहे.

हे वाचून, समजून, दोन ठिकाणी बहिणीशी भांडून आणि दोन्ही ठिकाणी हरून मी खाली सही करतो. हे मृत्युपत्र शक्य तितक्या उशिरा अमलात यावे, अशी सर्व लाभार्थींची इच्छा आहे आणि ती त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली आहे.

ठिकाण: जव्हार
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

सही: रोहिदास सुकऱ्या वारघडे

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही:
१. सुदेश, जीपचालक, दाभोसा. (सही. मला उद्देशून: "सकाळी सहाला हॉर्न मारीन. फुल तिकीट.")
२. मीना, शेजारीण, जव्हार. (सही.)

मंगळी, पोशेरा. कायद्याने हिच्या सहीची गरज नाही. तरीही तिने कलम ७ च्या खाली आपले नाव लिहिले, आणि त्याखाली 'गुरुवार' असे लिहून दोन रेघा ओढल्या.