डगआउटमधल्या मिठ्या

२९ जुलै

—आणि पाचव्या डावात व्हर्जिल पॅडगेट मैदानातून आत आला, डगआउटच्या बाकावर हातमोजा टाकला आणि जो तो त्याला मिठ्या मारायला लागला. आमच्या पत्रकार कक्षात एकदम खुर्च्या सरकल्या. चेंडूकडे तसंही कोणी बघत नव्हतं. खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत उद्या संध्याकाळी संपते. या आठवड्यात आम्ही बेसबॉल बघत नाही, मिठ्या बघतो. चालू सामन्यात कुणाला आत बोलावून मिठ्या मारल्या की समजायचं — विकला!

"गेला!" रेडिओवाला डूली माझ्या कानाशी ओरडला. "ओमाहाला! त्या म्हाताऱ्या बॉयलनच्या बदल्यात! लिही, लोरेटा, लिही. बोटं गोठली का?"

गोठली नव्हती. सहा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, असूनही आमच्या अॅडमिरल्सला ओमाहा संघाचा पिचर बॉयलन हवाय, ही कुजबुज आठवडाभर होतीच. सामना संपायच्या आत माझा स्तंभ तयार. 'ज्यांच्या दिवाणखान्यात सहा पियानो आहेत त्यांनी सातवा आणला आणि बदल्यात घरातली चूल देऊन टाकली. सातवा वाजतही नाही.'

संपादक ग्रेटा म्हणाली, "वाक्य झकास. क्लबला विचारलंस?"

म्हटलं, मिठ्या डोळ्यांनी पाहिल्यात.

छापलं.

३० जुलै, सकाळ

व्हर्जिलच्या गरोदर बायकोचं पाणी गेलं होतं! तारखेच्या महिनाभर आधी. म्हणून बोलावलं. म्हणून मिठ्या. अख्ख्या कक्षात एकालाही सुचलं नाही, की माणसाला मूलही होऊ शकतं.

क्लबचा व्यवस्थापक क्लेटन रूस फोनवर किंचाळत होता. "ओमाहाशी मी बोललोसुद्धा नाही! आणि लोक माझ्या फाटकाशी चुली आणून ठेवतायत!"

खरंच ठेवतायत. जाऊन बघितलं. एक तर नवीकोरी आहे, कागदसुद्धा काढलेला नाही.

मग व्हर्जिलचाच फोन. हॉस्पिटलच्या जिन्यातून.

"बाई, माझं माझ्याआधी तुम्हाला कळतं. खरं सांगा. जातोय का मी?"

"नाही रे. आम्ही चुकलो."

"मरीनाने टीव्हीवर बघितलं. कळा येताहेत आणि मला विचारते, ओमाहात बर्फ किती पडतो?"

हसला. हा हंगाम संपला की त्याची लीगमध्ये दहा वर्षं पुरी होतात, तीही एकाच संघात. मग त्याच्या होकाराशिवाय त्याला कोणी हलवू शकत नाही. ज्या गल्लीत खेळायला शिकला त्याच गल्लीत घर घेतलंय. सासू चार घरं पलीकडे.

"दोनच महिने राहिले, बाई. सुट्टीची वाट बघणाऱ्या पोरासारखा कॅलेंडरवर दिवस खोडतोय मी."

म्हटलं, कोणी हलवत नाही तुला. जा, बायकोजवळ बस.

३० जुलै, दुपार

स्तंभ मागे घेतला. ग्रेटा हळहळली — चुलीचं वाक्य फुकट गेलं!

३० जुलै, संध्याकाळ

सौदा झाला. व्हर्जिल ओमाहाला. बॉयलन इकडे.

ओमाहावाल्यांनी काल आमचंच वाचलं. वाचून आज दुपारी रूसला फोन केला — पॅडगेट देताय म्हणे? खरंच देत असाल तर आमची तयारी आहे.

रूस पत्रकारांसमोर हसत होता. "माझ्या मनातही नव्हतं. पण शिव्या तर कालच खाऊन झाल्या. ताटाची किंमत मोजलीय, मग उपाशी का उठू?"

सगळे हसले. मीही. वाक्य चांगलं होतं.

बॉयलन सदतीस वर्षांचा. खांदा दोनदा उघडलेला. त्याचा चेंडू हल्ली इतका सावकाश येतो, की फलंदाजाने त्याची विचारपूस करावी. आज शहरात एकही माणूस याबद्दल बोलला नाही. चिडून झालं होतं ना सगळ्यांचं! काल आम्ही ओरडलो, म्हणून आज रूसला कोणी ओरडलं नाही.

डूली रेडिओवर गर्जत होता, "सगळ्यांच्या आधी कोणी सांगितलं होतं?"

ग्रेटाने माझा स्तंभ परत चढवला. काना-मात्रा न बदलता. वर लाल पट्टी — 'बातमी पहिली आमची'.

व्हर्जिलला फोन केला. उचलला नाही. परत केला. बंद.

३१ जुलै

आज सकाळी मुलगी झाली. खेळाडूच्या घरी बाळ आलं की अॅडमिरल्सकडून एवढासा गणवेश जातो, तो गेला. सौद्याचं त्या खात्याला कोणी कळवलं नव्हतं. नर्सने तो बाळाला घातला.